घरगुती पेल एलचे आस्वादन व मूल्यमापन

घरगुती पेल एलचे आस्वादन व मूल्यमापन म्हणजे घरी लहान प्रमाणावर तयार केलेल्या पेल एल या बिअरचा गंध, रूप, चव आणि तोंडातील स्पर्श यांची ठरावीक क्रमाने तपासणी करून तिचे गुणदोष नोंदवण्याची पद्धत होय. ही तपासणी दोन हेतूंनी केली जाते. स्पर्धेमध्ये परीक्षक गुण देण्यासाठी ती करतात, तर बिअर तयार करणारी व्यक्ती पुढच्या खेपेत काय बदलावे हे ठरवण्यासाठी करते. दोन्हींची साधने जवळजवळ सारखी असली तरी दुसऱ्या हेतूत एक मूलभूत अडचण आहे. तेथे उत्पादक आणि परीक्षक एकच असतात, आणि कृती, घटक व झालेल्या चुका आधीच ठाऊक असल्यामुळे जे जाणवते त्यापेक्षा जे अपेक्षित आहे तेच नोंदले जाण्याचा संभव असतो. आस्वादनाचे बहुतेक नियम ही अडचण कमी करण्यासाठीच आहेत.

पेल एल: थोडक्यात परिचय

बिअरचे एल आणि लागर असे दोन मोठे गट मानले जातात. एल हा प्रकार सुमारे १६ ते २२ अंश सेल्सिअस तापमानाला, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या जातीच्या यीस्टने किण्वन करून तयार होतो. लागरचे किण्वन याहून थंड तापमानाला, अधिक सावकाश होते. पेल म्हणजे फिकट. हे विशेषण सापेक्ष आहे. मोड आणलेले सातू अर्थात बार्ली पूर्वी लाकडाच्या वा दगडी कोळशाच्या धगीवर वाळवले जात. त्यातून गडद, धुरकट माल्ट मिळे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कोकचा वापर सुरू झाल्यावर धूर न लागलेले, फिकट माल्ट तयार करणे सोपे झाले आणि त्यापासून केलेल्या एलला हे नाव मिळाले. आजच्या सोनेरी लागरच्या शेजारी ठेवल्यास बहुतेक इंग्लिश पेल एल तांबूसच दिसते.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंट हे गाव या बिअरचे प्रमुख केंद्र होते. तेथील विहिरींच्या पाण्यात जिप्समचे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे, प्रमाण मोठे असल्याने हॉप्सचा कडवटपणा कोरडा आणि स्पष्ट उमटतो. याच घराण्यातील अधिक हॉप्सयुक्त बिअर लंडनच्या जॉर्ज हॉजसन यांच्या बो येथील कारखान्यातून, आणि १८२० च्या दशकापासून बर्टनहूनही, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात जहाजांनी भारतातील इंग्रज वसाहतीसाठी येत असे. इंडिया पेल एल या नावाचा उगम या व्यापारात आहे.

आज घरी तयार होणारी पेल एल बहुधा अमेरिकन पद्धतीची असते. ओरेगन राज्यातील संशोधनातून १९७० च्या दशकाच्या आरंभी ‘कॅस्केड’ हे हॉप्सचे वाण लागवडीसाठी उपलब्ध झाले आणि १९८० मध्ये कॅलिफोर्नियातील चिको येथील सिएरा नेवाडा या कंपनीने त्याचा ठळक वापर करून आपली पेल एल तयार केली. पपनसाच्या सालीची आठवण करून देणारा गंध हे या शैलीचे ओळखचिन्ह ठरले. इंग्लिश शैलीत माल्टची बिस्किटासारखी चव आणि यीस्टचा फळांसारखा गंध पुढे असतो, अमेरिकन शैलीत हॉप्स. हा फरक मूल्यमापनात महत्त्वाचा आहे, कारण एका शैलीत गुण ठरणारी गोष्ट दुसरीत उणीव ठरू शकते.

अमेरिकेतील बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम या संस्थेच्या शैलीमार्गदर्शिकेनुसार अमेरिकन पेल एलचे आरंभीचे विशिष्ट गुरुत्व १.०४५ ते १.०६०, अंतिम गुरुत्व १.०१० ते १.०१५, कडवटपणा ३० ते ५० एकक आणि मद्यार्क ४.५ ते ६.२ टक्के असतो. कडवटपणाचे एक एकक म्हणजे ढोबळमानाने एक लिटर बिअरमध्ये एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ले. या आकड्यांवरून बिअर चांगली की वाईट हे कळत नाही. ४० एककांची बिअर गोडसर माल्टमुळे सौम्य वाटू शकते आणि ३० एककांची कोरडी बिअर बोचरी लागू शकते.

पूर्वतयारी

बाटलीत साखर घालून दुसरे किण्वन घडवलेल्या बिअरच्या तळाशी यीस्टचा पातळ थर बसतो. म्हणून बाटली परीक्षणाआधी किमान एक दिवस थंड जागी उभी ठेवतात आणि एकाच संथ धारेत ओतून शेवटचा घोटभर भाग बाटलीतच राहू देतात. हा गाळ पेल्यात आला तर पावासारखा, किंचित कडसर गंध येतो आणि नसलेला दोष बिअरच्या माथी मारला जातो.

पेल एल साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअसला तपासतात. फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या बिअरमध्ये गंधद्रव्ये फारशी बाष्परूप होत नाहीत, म्हणून ती दोषरहित भासते. किंबहुना एखाद्या खेपेत काहीतरी लपले आहे असा संशय असेल, तर तीच बिअर थोडी कोमट होऊ देणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

पेला पारदर्शक व स्वच्छ असावा. साबणाचा किंवा तेलाचा सूक्ष्म थर फेस मोडतो. पेल्याच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर पेला नीट धुतला गेलेला नाही असे समजावे आणि फेसाबद्दल काही लिहू नये. खोलीत फोडणीचा, उदबत्तीचा, अत्तराचा वास नसावा. परीक्षणापूर्वी अर्धा तास तरी चहा, कॉफी, तिखट किंवा पान-सुपारी टाळतात. नमुन्यांच्या मध्ये पाणी आणि साधा पाव पुरतो.

एका नमुन्याला ६० ते ९० मिलिलिटर बिअर पुरेशी असते. वाइनच्या परीक्षणात घोट थुंकण्याची प्रथा आहे, बिअर मात्र थोडी गिळली जाते. कडू चव केवळ जिभेच्या मागच्या भागाला कळते म्हणून गिळावे लागते, असे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते, पण ते चुकीचे आहे. जिभेचा हा प्रसिद्ध नकाशा १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन संशोधनाच्या चुकीच्या वाचनातून रूढ झाला. सर्व मूलभूत चवी जिभेच्या सर्व भागांवर जाणवतात. गिळण्याचे खरे कारण असे की गिळल्यानंतर श्वास सोडताना घशामागून नाकात जाणारा गंध आणि मागे रेंगाळणारा कडवटपणा या दोन गोष्टींवर पेल एलचा अर्धा निवाडा अवलंबून असतो. मद्यार्कामुळे व कडवटपणामुळे संवेदना लवकर थकत असल्याने एका बैठकीत मोजकेच नमुने घेतात.

परीक्षणाचा क्रम

पहिले काम गंधाचे. ओतल्यानंतर लगेच, फेस असतानाच, दोन-तीन लहान हुंगण्या घेतात, कारण सर्वांत चंचल द्रव्ये पहिल्या मिनिटातच उडून जातात. गंधकयुक्त वास बहुधा याच वेळी कळतात आणि नंतर हरवतात. नाक एकाच वासाला पटकन सरावते. तसे झाल्यास स्वतःच्या बाहीचा वास घेऊन पुन्हा पेल्याकडे वळण्याची युक्ती परीक्षक वापरतात. पहिल्या हुंगणीत जे जाणवले ते तत्काळ लिहून ठेवावे, मग ते शास्त्रीय शब्दांत बसो वा न बसो. ‘आजीच्या फडताळासारखा’ ही नोंदसुद्धा ‘ठीक’ या नोंदीपेक्षा उपयोगी आहे, कारण तिच्यावरून नंतर जुनाट, ऑक्सिडीकरण झालेल्या गंधाचा माग काढता येतो.

त्यानंतर रूप. पेला पांढऱ्या कागदासमोर धरून रंग व स्वच्छता पाहतात. अमेरिकन पेल एलचा रंग फिकट सोनेरी ते तांबूस असतो. बिअर गढूळ असल्यास पेला दोन्ही तळव्यांत धरून थोडा तापवावा. ऊब मिळताच ती निवळली तर तो थंडीमुळे प्रथिने व पॉलिफिनॉल यांच्या संयोगाने आलेला धूसरपणा असतो. त्याचा चवीवर जवळजवळ परिणाम होत नाही. न निवळणारा गढूळपणा यीस्टचा, कोरड्या हॉप्सचा किंवा जंतुसंसर्गाचा असू शकतो, आणि यांतले कोणते हे चव घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

चवीच्या वेळी घोट तोंडभर फिरवून तीन टप्पे वेगळे नोंदतात: आरंभी माल्टचा गोडवा, मध्ये हॉप्सची चव, शेवटी कडवटपणा व उरणारी चव. पेल एलचा तोल या शेवटच्या टप्प्यात ठरतो. कडवटपणा स्पष्ट असावा, पण घोट गिळल्यावर तो स्वच्छपणे ओसरावा आणि पुढचा घोट घ्यावासा वाटावा. कडू आणि तुरट यांत गल्लत करणे ही नवख्या परीक्षकांची नेहमीची चूक आहे. मराठी वाचकाला हा भेद समजणे खरे तर सोपे आहे. कारल्याची चव कडू असते, कच्च्या सुपारीची तुरट. पहिली चव आहे, दुसरी जीभ व गाल आकसल्याची स्पर्शसंवेदना. पेल एलमध्ये पहिली हवी असते, दुसरी नको असते.

तोंडातील स्पर्शात बिअरचे अंग, वायूचे प्रमाण, तुरटपणा आणि मद्यार्काची ऊब या गोष्टी येतात. पेल एल मध्यम ते हलक्या अंगाची असते. घरगुती बिअरमध्ये वायू कमी-अधिक होणे फार सामान्य आहे. बाटलीत भरताना प्रतिलिटर सुमारे ६ ग्रॅम साखर घातली तर मध्यम प्रमाणात वायू तयार होतो. ही साखर संपूर्ण खेपेत समान न मिसळल्यास एक बाटली निपचित आणि दुसरी उसळणारी निघते. म्हणूनच एका बाटलीवरून पूर्ण खेपेबद्दल मत देऊ नये.

गुणपत्रिका

बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम ही संस्था १९८५ मध्ये स्थापन झाली. तिची ५० गुणांची पत्रिका आज घरगुती बिअरच्या स्पर्धांत सर्वाधिक प्रचलित आहे. तीत गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकंदर प्रभावाला १० गुण असतात. ४५ व त्यापुढील बिअर असामान्य, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ फार चांगली, २१ ते २९ चांगली, १४ ते २० बरी आणि त्याखालची सदोष मानली जाते.

रूपाला केवळ ३ गुण असणे पुष्कळांना खटकते. परंतु घरी बिअर करणाऱ्याकडे गाळणयंत्र नसते हे लक्षात घेता हे प्रमाण न्याय्य वाटते. एक-दोन गुण गमावणारी गढूळ पण सुगंधी बिअर आरशासारख्या स्वच्छ पण निर्जीव बिअरच्या पुढे राहते. पत्रिकेचा अधिक मोलाचा भाग गुणांचा नसून रिकाम्या ओळींचा आहे. परीक्षकाने तेथे काय जाणवले, किती तीव्रतेने जाणवले आणि सुधारणेसाठी काय करता येईल हे लिहायचे असते. ३१ या आकड्यातून उत्पादकाला काहीच कळत नाही. ‘हॉप्सचा गंध मंद, संत्र्याच्या सालीसारखा; मागे ओल्या पुठ्ठ्याची छटा’ यातून मात्र पुढच्या खेपेची दिशा मिळते.

बिअरच्या वर्णनासाठी समान शब्दसंग्रह असावा म्हणून डॅनिश वंशाचे संशोधक मॉर्टेन मेलगार्ड यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात ‘स्वादचक्र’ तयार झाले. त्यात गंध व चवींची वर्गवारी वर्तुळाच्या आरांप्रमाणे मांडलेली आहे. त्यातील काही उपमा भारतीय वाचकाला परक्या आहेत. प्रकाशाने बिघडलेल्या बिअरला इंग्रजीत ‘स्कंकी’ म्हणतात, पण स्कंक हा प्राणी अमेरिका खंडातला आहे. उलट लवंग, पिकलेले केळे, उकडलेले कणीस, ताजे लोणी या उपमा मराठी स्वयंपाकघरात आयत्या सापडतात.

पूर्वग्रह आणि अंध चाचणी

अपेक्षा जाणिवेला किती वळवते याचे एक प्रसिद्ध उदाहरण वाइनच्या क्षेत्रातले आहे. फ्रान्समधील बोर्दो येथे ५४ विद्यार्थ्यांना चवहीन रंग घालून लाल केलेली पांढरी वाइन देण्यात आली, तेव्हा तिच्या गंधाचे वर्णन त्यांनी लाल वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांत केले. हे संशोधन २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. हे सर्व वाइनशास्त्राचे विद्यार्थी होते. स्वतः केलेल्या बिअरपुढे उत्पादकाची अवस्था याहून वेगळी नसते. महागडे हॉप्स घातले असतील तर त्यांचा गंध येतोच येतो. किण्वनाच्या वेळी झाकण उघडे राहिले होते हे आठवत असेल तर आंबटपणाही लागतो. मित्रमंडळींचे मत या बाबतीत फारसे उपयोगी नाही. फुकट मिळालेल्या आणि समोर बसलेल्या माणसाने केलेल्या बिअरला नावे ठेवणारे लोक विरळा.

यावर तीन पेल्यांची चाचणी हा साधा उपाय आहे. समजा, उत्पादकाने दोन खेपा केल्या. दुसरीत फक्त यीस्ट बदलले. मदतनीस तीन एकसारख्या पेल्यांत बिअर ओततो: दोन पेल्यांत एक खेप, तिसऱ्यात दुसरी. कोणता पेला वेगळा आहे एवढेच ओळखायचे असते. निव्वळ अंदाजाने बरोबर उत्तर येण्याची शक्यता एकतृतीयांश असते. त्यामुळे पाच जणांपैकी चौघांनी, किंवा बारा जणांपैकी आठ जणांनी बरोबर ओळखले तरच तो योगायोग नसावा असे पाच टक्के पातळीवर मानता येते. रंगावरून ओळख पटू नये म्हणून अपारदर्शक पेले वापरतात. ओतण्याचा क्रमही प्रत्येकासाठी बदलतात.

ही चाचणी अनेकदा निराश करते. तासन्‌तास खपून केलेला बदल कोणालाच कळत नाही असे दिसते. परंतु असे होणे हाही निष्कर्षच आहे; त्या बदलावर पुन्हा श्रम खर्च करण्याची गरज नाही. आवडनिवड मात्र या चाचणीतून विचारू नये. फरकच न ओळखणाऱ्याचे ‘मला दुसरी आवडली’ हे मत निरर्थक ठरते.

दोष आणि त्यांची कारणे

मूल्यमापनातील सर्वांत अवघड पायरी जाणवलेल्या गोष्टीवरून कारणाकडे जाण्याची आहे. एकच जाणीव अनेक कारणांनी होते आणि चुकीचे कारण धरल्यास पुढील १९ लिटरची खेपही बिघडते. म्हणून अनुभवी परीक्षक आधी जाणीव लिहितात, कारण नंतर.

लोण्यासारखा गंध व जिभेवरील निसरडेपणा हा डायअॅसिटिलचा परिणाम असतो. किण्वनाच्या ओघात यीस्ट त्याचे पूर्वद्रव्य बाहेर टाकते, त्यापासून डायअॅसिटिल बनते आणि किण्वनाच्या अखेरीस यीस्टच ते पुन्हा शोषून घेते. बिअर वेळेआधी थंड केली किंवा यीस्टवरून काढली तर ते मागे राहते. पेल एलमध्ये येथे एक फसगत होते: कॅरॅमल माल्टचा टॉफीसारखा गोडवा लोण्याच्या गंधासारखा भासतो. शंका दूर करण्यासाठी बाटलीत भरण्यापूर्वी बिअरचे दोन नमुने घेतात. एक झाकून सुमारे ६० ते ७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवतात, मग गार करून दुसऱ्याशी ताडून पाहतात. तापवलेल्या नमुन्यात लोण्याचा वास वाढला तर पूर्वद्रव्य अजून शिल्लक आहे आणि बिअरला यीस्टसह आणखी काही दिवस उबेत ठेवणे आवश्यक आहे. भरलेल्या बाटल्यांत हा गंध आठवड्यागणिक वाढत असेल आणि सोबत आंबटपणाही येत असेल, तर दोष यीस्टचा नसून पेडियोकॉकससारख्या जिवाणूंचा असण्याची शक्यता अधिक.

किण्वनानंतर थंडपणे हॉप्स घालण्याच्या पद्धतीतही हा दोष नव्याने उद्भवू शकतो. हॉप्समधील विकरे उरलेल्या जटिल शर्करा तोडतात, थांबलेले किण्वन पुन्हा सुरू होते, आणि त्याबरोबर डायअॅसिटिल व जादा वायू दोन्ही येतात. होरेस ब्राउन व मॉरिस या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञांनी ही क्रिया १८९३ मध्येच वर्णिली होती. हॉप्सचा भरघोस वापर वाढल्यावर अलीकडे तिच्याकडे पुन्हा लक्ष गेले.

हिरव्या, कच्च्या सफरचंदाचा वास अॅसिटाल्डिहाइडचा. तो बहुधा कोवळ्या बिअरमध्ये येतो आणि वेळ दिल्यास कमी होतो. याला आंबटपणा समजून संपूर्ण खेप ओतून देणारे नवखे उत्पादक आढळतात. खरा आंबटपणा जिभेला लागतो, हा वास केवळ नाकाला.

उकडलेल्या कणसाचा वास डायमिथाइल सल्फाइडचा असतो. त्याचे पूर्वद्रव्य माल्टमध्ये असते आणि उकळताना ते वाफेबरोबर निघून जाते. भांड्यावर झाकण ठेवून उकळल्यास ते परत टपकते. पेल एलसाठी वापरले जाणारे माल्ट अधिक भाजलेले असल्याने हा दोष लागरच्या तुलनेने कमी आढळतो.

दवाखान्यातील जंतुनाशकासारखा, प्लॅस्टिकसारखा वास क्लोरोफिनॉलचा असतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन किंवा क्लोरीनयुक्त धुलाई द्रव नीट न निघाल्यास तो येतो, आणि अब्जांशात मोजण्याइतक्या अल्प प्रमाणातही कळतो. तो वेळेने जात नाही. पाण्यात आधीच पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालणे हा स्वस्त उपाय आहे. याच्या जवळचा पण वेगळा वास लवंगेचा. काही गव्हाच्या बिअरमध्ये तो मुद्दाम आणतात, पेल एलमध्ये मात्र तो रानटी यीस्टची चाहूल देतो.

तुरटपणाची कारणे दोन असतात आणि ती वेगळी करणे कठीण आहे. धान्य अति गरम किंवा अल्कधर्मी पाण्याने फार धुतल्यास सालीतील टॅनिन उतरते. हॉप्सचा पाला दीर्घकाळ बिअरमध्ये राहिल्यासही वनस्पतिजन्य तुरटपणा येतो. यासाठी हॉप्स घालण्यापूर्वी थोडी बिअर बाजूला काढून चाखणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

प्रकाशामुळे होणारा बिघाड फार वेगवान असतो. हॉप्समधील कडू द्रव्यांवर निळा व अतिनील प्रकाश पडला, की गंधकयुक्त थायॉल तयार होते. पारदर्शक पेल्यातली, उन्हात ठेवलेली पेल एल काही मिनिटांतच हा वास देऊ लागते, त्यामुळे अंगणात बसून केलेल्या परीक्षणात हा दोष बिअरच्या नावे लिहिण्यापूर्वी सावलीत नवा नमुना ओतून पाहावा. तपकिरी काच पुष्कळ संरक्षण देते, हिरवी फारच थोडे.

उघडताच कारंज्यासारखी उसळणारी बिअर जादा साखर, अपुरे किण्वन किंवा संसर्ग यांपैकी कशाचीही निदर्शक असू शकते. बाटलीच्या मानेत द्रवाच्या पातळीला पांढुरके कडे दिसले तर संसर्गाचा संशय बळावतो. अशी एक बाटली निघाल्यास उरलेल्या बाटल्या त्वरित थंड कराव्यात आणि हाताळताना डोळे व हात झाकावेत. जादा दाबाने काच फुटून इजा होऊ शकते. चवीच्या कोणत्याही दोषापेक्षा हा धोका गंभीर आहे.

काळ आणि नोंदी

पेल एल साठवून मुरवण्याची बिअर नव्हे. बाटलीत दोन ते तीन आठवडे राहिल्यावर वायू तयार होतो, कोवळेपणा जातो आणि त्यानंतरचे काही आठवडे ती सर्वोत्तम असते. पुढे हॉप्सचा गंध प्रथम मावळतो, मग माल्टची चव मधासारखी होत जाते आणि अखेरीस ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. या पुठ्ठ्याच्या वासाशी ट्रान्स-२-नोनेनाल या द्रव्याचे नाव जोडले जाते. भरताना बिअरमध्ये जितका प्राणवायू मिसळतो तितका हा प्रवास लवकर होतो. म्हणून एकाच खेपेची बाटली तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात उघडून आधीच्या नोंदी न पाहता पुन्हा पत्रिका भरण्याची पद्धत उपयुक्त आहे. तिसऱ्या आठवड्यात ३६ गुण मिळवलेली बिअर बाराव्यात २६ वर आली, तर कृती बदलण्याचे कारण नाही; भरण्याची रीत तपासावी लागेल.

नोंदीत किण्वनाचे आकडेही असावेत. आरंभीचे गुरुत्व १.०५२ आणि अंतिम १.०१२ असेल तर त्यांच्या फरकाला १३१.२५ ने गुणून मद्यार्क सुमारे ५.२५ टक्के येतो. परीक्षकाने ‘गोड, जड’ असे लिहिले आणि अंतिम गुरुत्व १.०२० निघाले, तर किण्वन अपुरे राहिले होते. तेच वर्णन १.०११ ला आले तर गोडव्याचे मूळ माल्टच्या निवडीत किंवा कमी पडलेल्या कडवटपणात शोधावे लागते.

कायदेशीर स्थिती

ब्रिटनमध्ये स्वतःच्या वापरासाठी घरी बिअर करण्यावरील परवान्याची अट १९६३ मध्ये रद्द झाली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या कुटुंबाला २०० गॅलनपर्यंत बिअर करमुक्त करण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी चार्ली पापाझियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशनची स्थापना केली. राज्यांचे कायदे मात्र वेगळे असल्याने मिसिसिपी व अलाबामा येथे ही परवानगी २०१३ मध्ये मिळाली.

महाराष्ट्रात मद्यनिर्मिती १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाच्या कक्षेत येते आणि परवान्याशिवाय ती करणे गुन्हा आहे. त्यामुळे येथे ताजी पेल एल प्रामुख्याने परवानाधारक मायक्रोब्रुअरींमध्ये मिळते. पुण्यात २००९ साली सुरू झालेली ‘डूलाली’ ही त्यांपैकी आरंभीची एक. ‘वेडसर’ या अर्थाचा तो ब्रिटिश लष्करी बोलीतला शब्द नाशिकजवळच्या देवळाली छावणीच्या नावावरून आला आहे.